व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन

व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन : संस्थेतले एखादे काम मागणी आल्यापासून ते ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाकडून, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या नियमांनी होते, हे तपासून तो सबंध ओघ सुधारत राहण्याची पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘बीपीएम’ म्हणतात. कर्ज मंजूर करणे, रुग्णाला घरी सोडणे, पुरवठादाराचे बिल चुकते करणे या अशा प्रक्रिया होत. त्या सहसा एका खात्यात संपत नाहीत. खातेप्रमुख आपल्या खात्यापुरते उत्तर देतो. दोन खात्यांच्या मध्ये फाइल पडून राहिली, तर जाब कोणाला विचारायचा हेच ठरलेले नसते. म्हणून या पद्धतीत सबंध प्रक्रियेची जबाबदारी एका व्यक्तीकडे देतात.

पहिले काम मोजमापाचे. अर्ज आल्यापासून निकाली निघेपर्यंतचा वेळ आणि त्यावर प्रत्यक्ष काम झाले तो वेळ वेगवेगळा मांडला, की कार्यालयीन कामात बहुधा ताटकळणेच जास्त निघते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो. रोज ३० अर्ज येतात, तितकेच निकाली निघतात आणि कधीही पाहिले तरी सुमारे ६०० अर्ज प्रलंबित असतात, तर प्रत्येक अर्जाला सरासरी २० दिवस लागत आहेत. एखाद्या टेबलावरचा कारकून कितीही भरभर काम करत असला, तरी ही थकबाकी हटल्याशिवाय ते दिवस कमी होत नाहीत.

कामाचे शास्त्रीय मोजमाप फ्रेडरिक टेलर यांच्या काळापासून, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आले आहे. टोयोटाने कारखान्यातला अपव्यय हुडकण्याची शिस्त घालून दिली. कार्यालयीन कामाकडे याच नजरेने पाहायला लावले ते मात्र फोर्ड कंपनीच्या उदाहरणाने. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात ५०० हून अधिक माणसे होती. संगणक आणून त्यांत सुमारे २० टक्के कपात करायचे घाटत होते. मग लक्षात आले, की ज्या जपानी कंपनीत फोर्डची भागीदारी होती त्या माझदामध्ये हे काम पाच जण पाहतात. माझदाचा लहान आकार जमेस धरला, तरी फोर्डचा विभाग पाचपट मोठा ठरत होता.

घोळ कागदांच्या जुळवणीत होता. खरेदी खाते ऑर्डरची प्रत पाठवी, गोदाम माल मिळाल्याची पावती पाठवी, पुरवठादार बिल पाठवी. या तीन कागदांवरच्या १४ बाबी जुळल्या तरच पैसे निघत. आकडा कुठे चुकला हे शोधण्यातच देयक विभागाचा बहुतेक वेळ जाई, आणि चूक मात्र झालेली असे खरेदीत किंवा गोदामाच्या दारात. फोर्डने बिल हा कागदच काढून टाकला. ऑर्डर संगणकावर नोंदली जाऊ लागली. माल आला की दारातला कर्मचारी ती पडद्यावर पाही. ऑर्डरशी जुळणारा माल तो उतरवून घेई, न जुळणारा परत पाठवी. माल घेतल्याची नोंद झाली, की धनादेश आपोआप तयार होई. जुळवायच्या बाबी तीनच उरल्या आणि मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटले.

मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त हे उदाहरण मांडले. अनावश्यक पायऱ्या तशाच ठेवून त्यांचे संगणकीकरण करू नये, हा त्यांचा मुद्दा आजही सर्वांत मोलाचा आहे. पण १९९३ मध्ये हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांचे पुस्तक आल्यानंतर ‘पुनर्रचना’ म्हणजे नोकरकपात, असाच अर्थ अनेक कंपन्यांत रूढ झाला. या विचाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या थॉमस डेव्हनपोर्ट यांनीच १९९५ मध्ये त्यावर टीका केली, की या लाटेला माणसांचा विसर पडला. ही टीका रास्त होती. प्रक्रिया कुठे अडते हे टेबलावर बसणाऱ्यालाच आधी कळते. त्याला धास्तावून सोडले, तर ती माहिती वर पोचत नाही. पुढच्या काळात एकदाच सारे मोडून नव्याने उभारण्याऐवजी सतत थोडी थोडी सुधारणा करण्याकडे कल वळला.

प्रक्रियेचे आलेख काढण्यासाठी ‘बीपीएमएन’ ही चिन्हपद्धती वापरतात. २०१३ पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे. आलेखात दाखवलेला मार्ग आणि प्रत्यक्ष मार्ग यांत मात्र तफावत असते. विल व्हान डर आल्स्ट यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या ‘प्रोसेस मायनिंग’मध्ये संगणकातल्या वेळेनिशी झालेल्या नोंदींवरून काम खरोखर कसे फिरले हे काढतात. एकच फाइल तीनदा मागे आली, हे त्यात लपत नाही.

भारतात ‘पासपोर्ट सेवा’ हे परिचित उदाहरण आहे. २०१० पासून सुरू झालेल्या केंद्रांमध्ये टोकन घेतल्यावर अर्जदार ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा तीन काउंटरांवर जातो. कागदपत्रे स्कॅन करणे, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेणे ही कामे ‘ए’वर टीसीएस (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस) या खासगी कंपनीचे कर्मचारी करतात; पडताळणी आणि मंजुरी सरकारी अधिकाऱ्यांकडेच ठेवली आहे. केंद्रातले काम एका फेरीत उरकते. पोलीस पडताळणी मात्र राज्यांच्या पोलिसांकडे असल्याने पासपोर्ट हाती पडायला एकूण किती दिवस लागतील, हे बऱ्याच अंशी त्या टप्प्यावर ठरते. त्यासाठी अहवाल कागदावर न पाठवता मोबाइल ॲपवरून थेट भरण्याची सोय पोलिसांना करून देण्यात आली आहे.