ट्रकचे इंजेक्टर अंगणात बदलताना

गोव्यात पावसाळा सुरू झाला की खनिज वाहतूक थंडावते आणि साखळी, डिचोली, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यातील टिपर घरांच्या अंगणात विसावतात. १६ मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार खाणी थांबल्या, तेव्हा ही विश्रांती महिन्यांवरून वर्षांवर गेली. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रकच्या टाकीत दमट हवेमुळे पाणी साचते, डिझेल जुने होऊन त्यात चिकटा धरतो आणि इंजेक्टरची सुई जागच्या जागी अडकते. एकाच ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकाला मग प्रश्न पडतो : इंजेक्टर स्वतः काढावेत की गाडी ओढून गॅरेजात न्यावी?

उत्तर ट्रकच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या ट्रकमध्ये इंजेक्शन पंप प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळीने डिझेल ढकलतो आणि साधारण २०० ते २५० बार दाबाला इंजेक्टरची स्प्रिंग हार मानते. या पंपाला आजही अनेक चालक ‘मायको पंप’च म्हणतात, १९५१ मध्ये स्थापन झालेली मायको कंपनी २००८ मध्ये बॉश झाली, तरी जिभेवरचे नाव बदललेले नाही. नव्या, विशेषतः बीएस-४ व बीएस-६ ट्रकमध्ये बहुधा कॉमन रेल पद्धत असते. तिथे दाब १,६०० बार वा त्याहून अधिक असतो आणि सुई केव्हा उघडावी हे संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. पहिल्या प्रकारचे काम सरावलेल्या हाताला अंगणात जमते. दुसऱ्या प्रकारात काढणे-बसवणे जमले, तरी तपासणी मात्र घरी होत नाही.

दोष कोणत्या इंजेक्टरचा, हे आधी ठरवावे. काळा धूर, रिकाम्या फेऱ्यांवर इंजिनाची थरथर, ठोका आणि सर्वांत गंभीर म्हणजे ऑइलकांडीवर वाढलेली पातळी, ही लक्षणे आहेत. पातळी वाढणे याचा अर्थ न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते आहे. अशा वेळी ट्रक चालवत राहिल्यास बेअरिंग जातात. सतत ठिबकणारा इंजेक्टर पिस्टनचा माथाही जाळतो, आणि मग खर्च इंजेक्टरपुरता राहत नाही.

जुन्या इंजिनात चालू स्थितीत एकेका नळीचा नट किंचित सैल करून पाहतात. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. कॉमन रेल इंजिनात मात्र हे कधीही करू नये. त्या दाबाची बारीक धार डोळ्यांना न दिसता हातमोजा व कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत शिरलेले डिझेल पेशी मारत जाते. वेदना सुरुवातीला कमी असली, तरी ही शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. कॉमन रेलमध्ये दोष शोधण्याचा मार्ग स्कॅनरचा, अथवा परतीच्या नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून कोणता इंजेक्टर अधिक डिझेल परत पाठवतो हे मोजण्याचा.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड हवे, बॅटरीची तार सुटलेली हवी आणि कॅबिन उलटणारी असल्यास तिचा आधारदांडा कुलपात बसलेला हवा. त्यानंतरचा शत्रू धूळ. खाणपट्ट्यातील लाल माती इंजिनावर थराने बसलेली असते आणि इंजेक्टरच्या सुईभोवतीची फट केवळ काही मायक्रॉनची असते. मानवी केस तिच्या वीसपट तरी जाड. म्हणून नट सुटण्याआधी परिसर धुऊन, हवा मारून कोरडा करावा आणि सुटलेल्या प्रत्येक तोंडावर लगेच टोपण घालावे. चिंध्यांचे बोळे कोंबू नयेत, त्यांचे धागेच आत जातात.

अडकलेला इंजेक्टर पहारीने उचकटण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने हेडची बैठक खराब होते. ओढणी वापरावी, आधी भेदक तेल रात्रभर मुरू द्यावे. इंजेक्टर निघाल्यावर खालचा तांब्याचा वॉशर हटकून खाचेतच चिकटून राहतो. तो न काढता वर दुसरा बसवला, तर इंजेक्टर उंच राहतो, फवारा पिस्टनच्या वाटीत योग्य जागी पडत नाही आणि बाजूने दाब निसटतो. नवा वॉशर त्याच जाडीचा असावा. जुना तापवून पुन्हा वापरण्याची काटकसर महागात पडते. बैठकीवरचा कार्बन खरवडताना तो सिलिंडरमध्ये पडू देऊ नये.

काढलेले इंजेक्टर डिझेल पंपाच्या दुकानात टेस्टरवर लावून घ्यावेत. तिथे सुई उघडण्याचा दाब, फवाऱ्याचा आकार व ठिबक पाहतात. अनेकदा केवळ नोझल बदलून भागते. कॉमन रेल इंजेक्टरच्या डोक्यावर बहुधा कोड कोरलेला असतो. ज्या इंजिनात तो लागतो, तिथे तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. अन्यथा नवा इंजेक्टर घालूनही इंजिन खडबडीत चालते.

बसवताना क्लॅम्पचा नट टॉर्क पान्याने, त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावा. अंदाजाने दिलेला जोर इंजेक्टरचे अंग वाकवतो. जुन्या इंजिनात नंतर हवा काढायची : फीड पंपाच्या हातपंपाने आधी फिल्टरपाशी, मग पंपापाशी बुडबुडे थांबेपर्यंत, शेवटी स्टार्टर फिरवून इंजेक्टरच्या नटांपाशी. कॉमन रेलमध्ये हवा फक्त कमी दाबाच्या बाजूनेच काढावी. टाकीतले पाणी आणि जुना फिल्टर तसाच ठेवून हे सारे करण्यात अर्थ नाही. नवे नोझल पुन्हा तेच पाणी पितील.

सांडलेले डिझेल मातीत मुरू देऊ नये. गोव्यातल्या अंगणात बहुधा विहीर असते. पसरट भांडे, भुसा आणि झाकणाचा डबा हाताशी ठेवावा. ऑइलमध्ये डिझेल उतरले असल्यास ऑइल व त्याचा फिल्टर बदलल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. पहिल्या फेरीनंतर इंजिन बंद करून नळ्यांचे जोड कोरड्या पुठ्ठ्याने तपासावेत, हाताने नव्हे. पुढचे काही दिवस रोज सकाळी ऑइलकांडी पाहावी.