मुशाफराच्या उशाचा दिवा

परगांवीं रात्रीचा मुक्काम पडला म्हणजे मनुष्याला तीन गोष्टींची चिंता लागते : पाणी कोठें, पाठ टेकावयास जागा कोठें, आणि दिवा कोठें. पहिल्या दोहोंबद्दल इतिहासकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. बारवा, तळीं, धर्मशाळा आणि सराया यांचे शिलालेख आहेत, वर्णनें आहेत. तिसरीबद्दल मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. कारण दिवा विझला कीं त्याची खूण मागें उरत नाहीं. जुन्या धर्मशाळेच्या कोनाड्यांतली काजळी हाच काय तो त्याचा शिलालेख. तरीही विषय क्षुल्लक नव्हे. स्वतःच्या घरांत मनुष्य अंधारांतही उंबरा चुकत नाहीं, कारण त्याच्या पायांना घर पाठ असतें. परक्या खोलींत मात्र दोन हातांवरचें दार सांपडत नाहीं, आणि जिना कोठें संपतो हें पाय घसरल्यावरच कळतें. मोठ्या लोहमार्गापासून बाजूला राहिलेल्या वाशीमसारख्या मुलखांत या दिव्याची कथा विशेष स्पष्ट दिसते.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला आणि या शाखेच्या इतिहासावर मोठाच प्रकाश पडला. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच वत्सगुल्मांत लावून दिला आहे. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरवून दान केलें. हें लेणें म्हणजे विहार, अर्थात् भिक्षूंच्या निवासाची जागा. मधल्या दालनाभोंवतीं डोंगराच्या पोटांत शिरलेल्या त्या कोठड्या पाहिल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं, तेथें दिव्याची गरज रात्रीपुरतीच नव्हती, दिवसाही होती.

पुढील काळांत वाटसरूचा मुक्काम बहुधा देवळांत किंवा मठांत पडे. महानुभाव वाङ्मयांत 'बीढार' हा शब्द वारंवार येतो; त्याचा अर्थ उतरण्याचें ठिकाण. हा मुलूख तीर्थांचा. कारंजा हें नृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना पूज्य, आणि तेथील भट्टारकांच्या गाद्यांमुळें जैनांनाही तितकेंच महत्त्वाचें. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, वाशीमला बालाजी, पोहरादेवीस बंजारा समाजाचें श्रद्धास्थान. यात्रेकरू येत, ओसरीवर पथारी पसरीत, आणि देवापुढच्या नंदादीपाचा जो मंद उजेड बाहेर येई त्यावर भागवून घेत. नंदादीपाच्या तेलासाठीं दिलेल्या देणग्यांचे उल्लेख आपल्या देशांतील कित्येक जुन्या लेखांत सांपडतात. देणगी देवाच्या नांवें असे. परंतु त्या ज्योतीनें वाटसरूची शिदोरी सोडली, अंथरूण पाहिलें आणि लेंकरूं निजविलें, हाही त्या पुण्याचाच भाग होय.

वाटेवरच्या उजेडाची गोष्ट याहून कठीण. श्रीमंताची पालखी रात्रीं चाले तेव्हां पुढें मशालजी धांवे. एका हातांत चिंध्यांनीं गुंडाळलेली मशाल, दुसऱ्या हातांत तेलाचें भांडें. कांहीं पावलें गेलीं कीं तो मशालीवर तेल ओती व पुन्हां धांवूं लागे. धूर त्याच्या डोळ्यांत, ठिणगी त्याच्या हातावर, आणि उजेड मात्र पालखींतल्या धन्याला. त्या काळीं प्रवासांत प्रकाश जवळ बाळगणें याचा अर्थ एक मनुष्य पदरीं बाळगणें असा होता. ज्याला तें परवडत नसे तो अंधार पडण्यापूर्वींच मुक्काम गांठी. लमाणांचे तांडे धान्याचे व मिठाचे बैल घेऊन या मुलखांतून जात. ते रात्रीं उघड्यावर शेकोटी पेटवून राहत. गरीब मुशाफराजवळ चकमक, गारगोटी आणि थोडा कापूस असे. ठिणगी पाडून, फुंकर घालून, मग पणती लावावयाची, इतका खटाटोप मध्यरात्रीं नुसत्या एका चाहुलीसाठीं कोण करणार? विंचवाकाट्याचें भय मनांत घेऊन लोक तसेच पडून राहत.

१८५९ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया प्रांतांत एडविन ड्रेक यानें खनिज तेलाची विहीर खणली, आणि पुढें कांहीं वर्षांतच त्या तेलाचे डबे हिंदुस्थानच्या बाजारांत येऊं लागले. 'रॉक ऑइल' या नांवाचें मराठींत 'रॉकेल' झालें आणि तो शब्द घरोघर रुळला. करंजेल, एरंडेल मागें पडलें. काचेच्या आंत ज्योत ठेवून बाजूच्या नळ्यांतून तिला हवा पुरविणारा कंदील १८७० च्या आगेंमागें अमेरिकेंत सिद्ध झाला. तो वाऱ्यानें विझेना, म्हणून 'वादळी कंदील'. बैलगाडीच्या आंसाखालीं हेलकावे खाणारा तो कंदील वऱ्हाडांत पुढें कित्येक पिढ्यांनीं पाहिला.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. अकोला व मूर्तिजापूर त्यावर आलीं. वाशीम मात्र अकोल्यापासून सुमारें ८० किलोमीटर बाजूलाच राहिलें. आगगाडीनें अकोल्यापर्यंत जलद आलेला प्रवासी तेथून पुढें गाडीबैलानें मुक्काम करीत जाई. कारंज्याला मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मार्गाची रेल्वे पुढें मिळाली. 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ती ओळखली गेली आणि तिचीं वाफेचीं एंजिनें थेट १९९४ पर्यंत चाललीं. आतां ती गाडी धांवत नाहीं. परंतु रेल्वेच्या गार्डाचा तांबड्या, हिरव्या व पांढऱ्या काचांचा हातदिवा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना एवढ्याशा ज्योतीला केवढी भाषा येते हें ठाऊक आहे.

रॉकेलच्या दिव्यानें सोय झाली तशी नवी भीतीही आली. धर्मशाळेंत उशाशीं ठेवलेली चिमणी झोपेंत हात लागून कलंडली तर पथारी पेटे. दारें लावून जळत ठेवलेला कंदील खोलींतली हवा दूषित करी. शिवाय तो यजमानाचा. खानसाम्यानें किंवा धर्मशाळेच्या रखवालदारानें तेल घातलें असेल तरच रात्र उजेडांत जाणार. बाई एकटी असो कीं म्हातारा एकटा असो, रात्रींच्या गरजेसाठीं दुसऱ्याला उठवावें लागे. आणि संकोचानें न उठवतां अंधारांतच गेलें तर पाय मोडण्याची धास्ती.

ज्योतीवांचून उजेड ही कल्पना प्रत्यक्षांत येण्यास दोन शोध लागले. जर्मनीच्या कार्ल गास्नर यानें १८८६ सालीं जस्ताच्या डब्यांत ओलसर रसायन बंद करून 'कोरडा' विद्युत्-घट तयार केला. तो उलटा केला तरी सांडत नसे. त्यावर लहान दिवा चालविणाऱ्या नळीचें पेटंट डेव्हिड मिसेल यास न्यूयॉर्क येथें १८९९ सालीं मिळालें. आरंभीं तो घट इतका दुबळा कीं दिवा क्षणभर लावून लगेच विझवावा लागे. म्हणूनच इंग्रजींत त्यास 'फ्लॅशलाइट', म्हणजे चमकेचा दिवा, असें नांव पडलें. पुढें टंगस्टनची तार आली, घट सुधारले, आणि दिवा सतत जळूं लागला. मराठींत त्याचें 'विजेरी' असें सुरेख नांव आहे. वऱ्हाडांतला शेतकरी मात्र तिला 'बॅटरी' म्हणतो. दोन किंवा तीन सेलांची ती चकचकीत नळी रात्रीं पाणी द्यावयास जाणाऱ्याच्या हातीं आली, तशीच प्रवाशाच्या वळकटींतही शिरली.

तिच्यांतही उणीवा होत्याच. सेल महाग, आणि संपला कीं फेंकून द्यावयाचा. जस्ताचा डबाच वीज निर्माण करतांना झिजत असल्यामुळें जुना सेल पाझरे व नळीच खराब करी. मंदावलेले सेल उन्हांत ठेवून त्यांतून आणखी एक रात्र काढण्याची युक्ति घरोघर ठाऊक होती. उष्णतेनें रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, इतकेंच तिचें रहस्य. अशा काटकसरींत विजेरीचा उपयोग दार शोधण्यापुरता. खोली उजळण्यासाठीं ती तासभर लावून ठेवण्याची चैन कोणी करीत नसे.

मग वीज आली. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० सालीं झाली आणि पुढील दशकांत गांवोगांव तारा पोंचल्या. इंग्रजी अमलांत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटला गेला व १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां वेगळा झाला. जिल्ह्याचें ठिकाण म्हटल्यावर कचेरीच्या कामाचे लोक, परीक्षेस येणारे विद्यार्थी, फिरते विक्रेते यांची ये-जा वाढते आणि लॉजेस उभीं राहतात. खोलींत पंखा आहे, बटण आहे, दिवा आहे. मग मुशाफरानें आपला दिवा कशास बाळगावा? याचें उत्तर भारनियमनानें दिलें. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत विदर्भाच्या ग्रामीण भागांत वीज कित्येक तास जात असे. भारनियमन ओसरलें तरी वळवाच्या पावसांत तार तुटते, फ्यूज जातो. आणि दिवे असले तरी खोलीच्या दिव्याचें बटण पुष्कळदा दाराशीं असतें, खाटेपाशीं नसतें. बटण दाबून परत खाटेपर्यंत येणें हा अंधारांतला प्रवासच होय.

याच सुमारास विजेरीचा कायापालट झाला. पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट ही कल्पना जुनी आहे. गास्तोन प्लांते यानें शिशाचा संचायक १८५९ सालीं केला, म्हणजे ज्या वर्षीं ड्रेकची विहीर लागली त्याच वर्षीं. परंतु तो जड. खिशांत मावेल असा हलका लिथियम-आयन घट १९९१ सालीं जपानांत बाजारांत आला. त्याच्या शिल्पकारांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरीकडे निळ्या प्रकाशाचा अर्धवाहक दिवा जपानांतच १९९० नंतरच्या वर्षांत सिद्ध झाला. त्यावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा लेप देतां पांढरा प्रकाश मिळूं लागला. त्या निळ्या दिव्याबद्दल २०१४ चें नोबेल दिलें गेलें. हे दोन शोध एकत्र येऊन बोटाएवढी विजेरी तयार झाली.

तिचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मेणबत्तीचा प्रकाश सुमारें १२ ल्यूमेन. १८ मिलिमीटर जाडीच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या एका लिथियम घटांत सुमारें १० वॉट-तास ऊर्जा मावते. एका वॉटला १०० ल्यूमेन धरले तर आठ मेणबत्त्यांचा उजेड दहा तास, अर्थात् अख्खी रात्र. अर्ध्या मेणबत्तीइतकाच मंद ठेवला तर कित्येक रात्री. सकाळीं फोनच्याच तारेनें ती भरतां येते.

परंतु उजेड आहे म्हणून तो कसाही टाकावयाचा नसतो. विजेरीचा झोत भिंतीवर धरला तर एक वर्तुळ डोळे दिपवितें आणि उरलेली खोली अधिकच काळी वाटते. तीच पाण्याच्या पेल्यांत तोंड वर करून उभी केली, तर चुना दिलेलें पांढरें छत दिवा होतें आणि सबंध खोलींत सांवलीरहित मऊ प्रकाश पसरतो. निजतांना तिला अगदीं मंदावर ठेवावें. कारण अंधाराला पुरतें सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटें लागतात आणि प्रखर झोत ती सारी कमाई क्षणांत घालवितो. उशाशीं तिची जागा ठरलेली असावी, आणि दिवा असतांनाच जिना व बाहेरचा दरवाजा एकदां पाहून ठेवावा. खोलींत धूर झाला, किंवा मध्यरात्रीं सर्वांना बाहेर पडावें लागलें, तर हे दोन मिनिटांचे परिश्रम जीव वाचवितात. सुटे लिथियम घट किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशांत ठेवूं नयेत. टोकें जोडलीं गेलीं तर ते तापून पेट घेतात. विमानांत ते सामानाच्या कोठारांत देण्यास मनाई आहे तीही याच कारणानें.

मशालजीच्या हातांतून यजमानाच्या कंदिलांत, आणि तेथून प्रवाशाच्या स्वतःच्या खिशांत, असा हा दिव्याचा प्रवास झाला. त्यांत लाभ मोठा आहे. कोणी एकानें दुसऱ्यासाठीं धूर खात धांवावयाचें कारण उरलें नाहीं. रामनवमीस पोहरादेवीला आलेली म्हातारी आजी आतां नातवाला न उठवितां आपली आपण जाऊन येऊं शकते. परावलंबन संपणें ही इतिहासांतली लहान गोष्ट नव्हे.

मात्र एक जुनें ऋण या नव्या सोयीनें फिटत नाहीं. नंदादीपाला तेल देणाऱ्यानें वाटसरूचें नांवगांव विचारलें नव्हतें. ओसरीवर जो येईल त्याच्यासाठीं ती ज्योत होती. आज पाहुण्याच्या खिशांत विजेरी आहे म्हणून लॉजच्या जिन्यावरचा दिवा बंद ठेवावा, बाहेरच्या दाराची वाट अंधारांत राहूं द्यावी, असें कोणी मनांत आणील तर तो हिशेब चुकेल. खोलींतला दिवा ज्याचा त्यानें बाळगावा. जिन्यावरचा दिवा ज्याचें घर त्यानेंच लावावयाचा असतो.