तगाद्याची जागा : उंबरठा, गिरणीचा दरवाजा आणि कार्यालयातील दूरध्वनी

कर्जाच्या इतिहासात व्याजाचे दर, गहाणखते आणि न्यायालयीन हुकूमनामे यांचा अभ्यास बराच झाला आहे. तगादा मात्र उपेक्षित राहिला. याचे एक कारण असे की, खत लिहिले जाते आणि दप्तरात राहते. तगादा तोंडी असतो. प्रस्तुत लेखात तगादा कोणत्या जागी केला जात असे आणि ती जागा कालौघात कशी बदलत गेली, एवढ्याच मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. नोकरीच्या ठिकाणी येणारे वसुलीचे दूरध्वनी ही आजची समस्या या क्रमातच समजून घ्यावी लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'तगादा' हा शब्द अरबी 'तकाझा'वरून आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या प्रथेचे सविस्तर वर्णन आढळते. ऋणको बरोबरीचा किंवा कमी दर्जाचा असेल, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवीत असे. ऋणको वरचढ असेल, तर मात्र धनको स्वतःच त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, दाराशी आरडाओरडा करी किंवा उपाशी बसे; आणि तो उपाशी असेपर्यंत आतल्यालाही अन्न वर्ज्य होई. हेच धरणे. न्यायाची नियमित यंत्रणा तोकडी असलेल्या समाजाने हा मार्ग मान्य केलेला होता, हे विसरून चालणार नाही.

धरण्याची खरी शक्ती दैवी कोपाच्या भीतीत होती. म्हणूनच 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 508 खाली दिलेले पहिलेच उदाहरण दुसऱ्याच्या दारी धरणे धरून बसणाऱ्याचे होते. आमच्या मालवण भागातील वाचकाला हे परके वाटू नये. बुडालेल्या पैशासाठी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालणारे आजही येथे भेटतात. फरक इतकाच की गाऱ्हाणे देवळात होते, ऋणकोच्या दारात नव्हे.

उपजीविका घरातून बाहेर पडली तेव्हा तगादाही तिच्यामागे गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या कापड गिरण्यांत मोठ्या संख्येने माणसे गेली. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र झाला तो 1 मे 1981 रोजी. गावी मनीऑर्डर, चाळीत खोलीभाडे, खाणावळीचे पैसे, आणि पगार हाती येई तो महिनाभर राबल्यानंतर, तोही बराच उशिरा. मधल्या काळात कर्ज हाच आधार. वाणी उधार देई, जॉबर स्वतःच सावकारी करी, आणि ज्याच्याजवळ तारण ठेवण्यासारखे काहीच नाही त्याला पठाण सावकार पैसे देई. रुपयामागे महिन्याला एक आणा हा दर रूढ होता. वर्षाचे हे 75 टक्के व्याज झाले.

अशा कर्जाच्या वसुलीसाठी सावकार न्यायालयात सहसा जात नसे. तो पगाराच्या दिवशी, हातात काठी घेऊन, गिरणीच्या दरवाजाशी उभा राही. ही जागा त्याने विचारपूर्वक निवडलेली होती. चाळीत कामगार चुकवू शकतो, गावी पळून जाऊ शकतो. पण पगार घ्यायचा तर दरवाजातून बाहेर यावेच लागते, आणि तेही सोबत्यांच्या देखत. उंबरठ्यावर देवाचे भय कामी येत होते. दरवाजाशी ती जागा लाजेने आणि काठीने घेतली.

1929 मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे ना. म. जोशी हे आयोगाचे सदस्य होते. कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारस 1931 च्या अहवालात केली गेली. बंगालने 1934 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे 1936 मध्ये ऋणकोच्या दिवाणी कैदेवर आणि 1937 मध्ये पगारजप्तीवर बंधने आली. मुंबई प्रांतात ज्या गिरण्यांच्या दारात हा प्रकार नित्याचा होता, तेथे मात्र 1946 च्या मुंबई सावकारी अधिनियमापर्यंत थांबावे लागले. त्याच्या कलम 33 ने ऋणकोचा सतत पाठलाग करणे, त्याच्या राहत्या घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळणे यास शिक्षा सांगितली. 'कामाची जागा' हे शब्द गिरणीच्या दरवाजातून कायद्यात आले, असे म्हणण्यास हरकत नसावी. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानेही अशा छळाविरुद्धची तरतूद कायम ठेवली.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. हे संरक्षण सावकाराविरुद्धचे आहे. बँक या कायद्याच्या कक्षेत येत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत असलेल्या वित्तीय कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये दिला. म्हणजे आजोबांना गिरणीच्या दारात मिळालेले संरक्षण कंपनीचे कर्ज घेणाऱ्या नातवाला त्याच्या कार्यालयात मिळत नाही! त्याची भिस्त रिझर्व्ह बँकेच्या सूचनांवर. 2008 मध्ये वसुली प्रतिनिधींविषयी तपशीलवार सूचना निघाल्या. ऑगस्ट 2022 मध्ये सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास, तसेच ऋणकोचे नातलग, मित्र वा संदर्भासाठी नावे दिलेल्या व्यक्ती यांच्या खाजगीपणावर आक्रमण करण्यास मनाई झाली. पण आठ ते सात ही नोकरदाराची नेमकी कामाचीच वेळ आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक प्रसंग कारण झाला. आमच्या महाविद्यालयातील एका सेवकाच्या कर्जाबाबत कार्यालयात दूरध्वनी येऊ लागले. संदर्भ म्हणून त्याने माझे नाव दिले होते. त्यामुळे मलाही तासावरून बोलावणे येई. "त्याचा पगार थांबवा," असे प्राचार्यांनाच सांगण्यापर्यंत मजल गेली. वास्तविक न्यायालयाच्या जप्ती आदेशाशिवाय किंवा सहकार कायद्याच्या कलम 49 प्रमाणे पतसंस्थेला सभासदाने लिहून दिलेल्या संमतीशिवाय कोणाच्या सांगण्यावरून पगार कापता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 तर सामान्य देण्याच्या जप्तीतही पहिले 1000 रुपये आणि उर्वरित पगाराचा दोन तृतीयांश भाग वगळते. आम्हा प्राध्यापकांपैकी कितीजणांना हे ठाऊक होते? मला नव्हते.

प्राचार्यांनी वाद घातला नाही. प्रत्येक दूरध्वनीची तारीख, वेळ, क्रमांक आणि बोलणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे, असे त्यांनी कार्यालयास सांगितले. त्या सेवकाने नोंदींची प्रत जोडून धनको संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग त्यापुढे होता. तशी वेळ आली नाही. कर्ज अर्थातच राहिले, हप्ते तो अजून फेडतो आहे.

ती नोंदवही मी पाहिली आहे. एकूण नऊ नोंदी. त्यांपैकी सहा नोंदींपुढे, बोलणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात, शिपायाने 'नाव सांगितले नाही' असे लिहिले आहे.