कुमार फुटबॉलपटूंचे करार : लवकरची मुदत कोणाला बांधणार?

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्या क्लबच्या कुमार संघातून बोलावणे येते, ते बहुधा तोंडी. निवड चाचणीत त्याचा खेळ पाहिला जातो, प्रशिक्षक वडिलांशी चार शब्द बोलतात आणि नोंदणी मात्र हंगामाच्या तोंडावर होते. मधल्या काळात दहावीचा निकाल लागतो व अकरावीचा प्रवेश घ्यावा लागतो. तो गावाजवळ घ्यायचा की मडगावच्या बाजूला, हे ठरवताना कुटुंबाच्या हाती असतो केवळ शब्द. पेडण्याहून फातोर्ड्याचे मैदान 60 किलोमीटरहून दूर आहे. रोजच्या सरावासाठी हे अंतर कापून शाळा सांभाळणे जवळजवळ अशक्य. अशा खेळाडूंसाठी हंगामाच्या बऱ्याच आधी स्वाक्षरीची एक ठरावीक मुदत असावी का, हा प्रश्न यातून उभा राहतो.

अशी मुदत प्रत्यक्षात आणली गेली ती अमेरिकेत. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ. पण भरतीचा पेच तोच. अनेक दशके शालेय खेळाडू फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारपासून महाविद्यालयाला बांधून घेणाऱ्या पत्रावर सही करीत. 2017 पासून डिसेंबरमध्ये तीन दिवसांची आगाऊ मुदत देण्यात आली. ज्यांचा निर्णय आधीच झाला आहे त्यांची दगदग वाचावी, हा हेतू. घडले असे की बहुतेक नामांकित खेळाडू डिसेंबरमध्येच सही करू लागले आणि फेब्रुवारीची तारीख नावापुरती उरली. डिसेंबर हा तेथे प्रशिक्षक बदलण्याचाही काळ असतो. ज्या प्रशिक्षकाच्या भरवशावर सही केली तो निघून जाई. मुलगा मात्र बांधलेला राही, आणि पत्र मोडल्यास त्याचा खेळण्याचा एक हंगाम बुडे. अखेर 2024 मध्ये ती पत्रव्यवस्थाच मोडीत निघाली.

आपल्याकडे अडचण आणखी मुळाशी आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 11 व्या कलमानुसार अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही आणि 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी खटल्यात असा करार मुळातच निरर्थक ठरवला. वडिलांची सही घेतली की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. त्याला उत्तर म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचा 1949 चा राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा निर्णय वाचावा. अज्ञान अभिनेत्रीच्या वतीने वडिलांनी चित्रपटाचा करार केला, निर्मात्याने भूमिका दुसरीला दिली, आणि न्यायालयाने सांगितले की या करारावर मुलीला किंवा वडिलांना दावा लावता येणार नाही. म्हणजे मुलाला बांधू न शकणारा कागद त्याचे रक्षणही करीत नाही. क्लबने जुलैमध्ये ‘यंदा जागा नाही’ म्हटले, तर मेमधल्या सहीचा उपयोग काय?

फिफाचे नियम या बाबतीत बरेच स्पष्ट आहेत. अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून अधिक काळाचा असू शकत नाही. व्यावसायिक खेळाडूचा करार संपण्यास सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी बोलणी करून सही करू शकतो. ही एक प्रकारे लवकरची मुदतच झाली. पण ती ज्याच्याकडे आधीच करार आहे त्याच्यासाठी. गावच्या संघातून वर येणाऱ्या हौशी मुलाच्या वाट्याला नोंदणी अर्ज आणि जुन्या क्लबचा ना हरकत दाखला एवढेच येते, आणि दाखला वेळेत न मिळाल्याने हंगाम वाया जाण्याची भीती त्याच्या डोक्यावर कायम असते.

1883 मध्ये इंग्रज धर्मगुरू विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल आणला असे मानले जाते. शिवोली आणि पेडणे यांच्यामध्ये केवळ शापोरा नदी. तरीही हा खेळ रुजला आणि फोफावला तो मुख्यत्वे जुन्या काबिजादीत. मोठे क्लब वास्को, मडगाव, पणजी येथे उभे राहिले. डिचोलीचा संबंध आला तो खाणींमुळे : धेंपो, साळगावकर, सेझा ही खाण व्यवसायातील नावेच गोव्याच्या फुटबॉलची नावे झाली. म्हणूनच 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, त्याची झळ मैदानालाही लागणे अटळ होते. 2016 मध्ये तर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांचा वाद महासंघाच्या नव्या आराखड्याशी होता. 2025 च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा हंगामच टांगणीला लागला. ज्या क्षेत्रात पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपोसारखा संघ वरच्या स्पर्धेतून असा बाजूला होऊ शकतो, तेथे आगाऊ सहीचा धोका सोळा वर्षांच्या मुलाने का पत्करावा?

दुसरा पक्ष गावच्या क्लबचा, आणि चर्चेत तो बहुतेकदा विसरला जातो. बारा ते तेवीस या वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांसाठी फिफाने आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतील 5 टक्के राखून ठेवले आहेत. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंतच्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या 0.25 टक्के आणि त्यानंतर प्रत्येक हंगामाला 0.5 टक्के. खेळाडू पुढे एक कोटी रुपयांना परदेशी गेला, तर ती पहिली चार वर्षे त्याला शिकवणाऱ्या क्लबचा वाटा एक लाख होतो. मांद्रे किंवा मये येथील एखाद्या मंडळाला त्यात दोन-तीन हंगामांचे चेंडू आणि बूट येतील. मात्र अट अशी की त्या वर्षांत मुलगा संलग्न क्लबकडे रीतसर नोंदलेला असला पाहिजे. नोंदणी सोळाव्या वर्षी थेट मोठ्या क्लबकडे झाली, तर आधीची वर्षे कागदावर नसतातच. देशांतर्गत बदल्यांसाठीही प्रशिक्षण देणाऱ्या क्लबला मोबदला मिळेल अशी व्यवस्था राष्ट्रीय महासंघांनी करावी, असे फिफाच्या नियमांत आहे.

तेव्हा मुदत हवीच असेल तर ती दहावीच्या निकालानंतर आणि अकरावीचे प्रवेश बंद होण्यापूर्वी असावी, आणि तिने क्लबला बांधावे. गोवा फुटबॉल संघटनेकडे क्लबने लेखी हमी जमा करायची : या मुलाला हंगामभर जागा, प्रवासखर्च, दुखापत झाल्यास उपचार. मुलाला मात्र नोंदणी बंद होईपर्यंत माघारीची मुभा. हमी मोडणाऱ्या क्लबची पुढील हंगामातील नवी नोंदणी संघटनेला रोखता येईल. त्यासाठी अज्ञान मुलाने न्यायालयात जाण्याची गरज उरत नाही. ना हरकत दाखला ठरावीक दिवसांत दिला नाही तर तो दिल्याचे समजावे, हे कलमही सोबत हवे.

बारावीनंतर चित्र बदलते. विर्नोड्याच्या किंवा साखळीच्या शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेणारा खेळाडू तोवर अठराचा झालेला असतो, स्वतः सही करू शकतो आणि आंतरमहाविद्यालयीन सामने खेळत क्लबशी बोलणीही करू शकतो. संरक्षणाची खरी गरज आहे ती त्याआधीच्या दोन वर्षांत, जेव्हा कागदावर सही वडिलांची असते आणि बसचा प्रवास मुलाचा.