थोरला रेणू, धाकटा रेणू

बुरशीवरच्या औषधांची गोष्ट मी नेहमी दोन बायकांपासून सुरू करते. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन आल्बनीत. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात. मातीतले जंतू बरण्यांत घालून टपालाने पाठवायच्या! व्हर्जिनियातल्या एका दूधवाल्याच्या शेतावरच्या मातीतून त्यांना जे औषध मिळालं ते त्यांनी १९५० मध्ये जाहीर केलं. राज्याच्या नावावरून निस्टॅटिन. पेटंटचे १ कोटी ३० लाख डॉलरांहून जास्त पैसे आले, ते सगळे त्यांनी संशोधनाला देऊन टाकले.

पण हा रेणू अवाढव्य. हायड्रोजनचा अणू १ धरला, तर पॅरासिटामॉल १५१ आणि निस्टॅटिन ९२६. एवढं धूड आतड्यातून रक्तात जातंय कुठलं! तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांना उत्तम, पण बुरशी फुप्फुसात शिरली की गोळीचा उपयोग शून्य.

१९५५ मध्ये व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून स्क्विब कंपनीला अँफोटेरिसिन बी मिळालं. तेही ९२४ चं. मग शिरेतून द्यायचं. बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला ते धरतं. आपल्या पेशींत त्याचं भावंड कोलेस्टेरॉल असतं, म्हणून थोडा तडाखा आपल्यालाही. हुडहुडी, ताप, आणि मूत्रपिंडाचे हाल.

धाकटा आला इंग्लंडमधून. सँडविच (हो, गावाचंच नाव!) इथे फायझरमध्ये केन रिचर्डसन यांच्या चमूने फ्लुकोनॅझोल घडवलं. वजन ३०६. पाण्यात विरघळणारं, पोटातून सरळ रक्तात, तिथून मेंदूभोवतीच्या पाण्यातसुद्धा. एड्सच्या रुग्णांना बुरशीचा मेंदूज्वर व्हायचा, त्यांना हे लहानपण वरदान ठरलं. अर्थात नुसत्या आकारावर जाऊ नये. इट्राकोनॅझोल ७०६ चं असूनही तोंडाने घेता येतं. पण त्याला ओढ चरबीची, त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्यात ते फारसं उतरत नाही.

मग आलं २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग महाराष्ट्रात काळी बुरशी पसरली आणि आमच्या काकांच्या नाकातून डोळ्यामागे शिरली. "फ्लुकोनॅझोल कुठेही मिळतं की गं, तेच का देत नाहीत?" काकूने फोनवर विचारलं. म्युकरच्या जातीवर ते चालतच नाही, शरीरात कितीही छान पसरू दे. पुन्हा थोरल्याचेच पाय धरायचे! तेही शक्यतो चरबीच्या फुग्यात भरलेल्या, म्हणजे लायपोसोमल. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान असा हा फुगा, पण रेणूच्या मानाने डोंगरच. तो औषध धरून ठेवतो, मूत्रपिंडावर मोकळं सोडत नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने १९९० च्या दशकातच असं फुग्यातलं अँफोटेरिसिन रुग्णांना देऊन तपासलं होतं.

हिशेब साधा होता. किलोमागे ५ मिलिग्रॅम, काकांचं वजन ६० किलो. रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा कुप्या. आणि मे महिन्यात एक मिळायची मारामार. काकू वहीत लिहून ठेवायची: आज सहा, आज दोन, आज एकही नाही. ज्या दिवशी एकही नाही त्या दिवशी साधं अँफोटेरिसिन, आणि शेजारी क्रिएटिनिनचा आकडा. तो चढला की ती कुणाशी बोलायची नाही.

काका जूनच्या अखेरीला घरी आले. डावा डोळा मात्र काढावा लागला.