34 पदार्थ आणि गप्प बसलेली नर्स

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच घरातून करतो. गेल्या पावसाळ्यात आमची लेक दीड वर्षाची होती आणि दुपारी तिला भरवायचं काम माझ्याकडे होतं. चिऊ-काऊचे घास करून झाले, खिडकीतली मांजर दाखवून झाली, मग मोबाईल आला. कार्टूनकडे बघत तोंड उघडलं की वरणभाताचा घास आत. एके दिवशी मोबाईलचं चार्जिंग संपलं, आणि मी तिचे दोन्ही हात एका हातात धरून उरलेला भात भरवला. तिनं तो सगळा उलटून टाकला. पुढचा आठवडाभर ताटली दिसली की मान फिरवून रडायला सुरुवात. आई म्हणाली, "अरे, तुलाही असंच भरवलंय मी. काही झालं का?" झालं नाही खरं. पण त्या इवल्या मनगटांवरची माझी पकड डोक्यातून जाईना. त्याच दिवसांत रात्री वाचता वाचता मला डॉ. क्लारा डेव्हिस भेटल्या.

गोष्ट अमेरिकेतली आहे, साधारण शंभर वर्षांपूर्वीची. तिथे तेव्हा मुलांच्या जेवणावर डॉक्टरांचं राज्य होतं. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांचं मुलांच्या संगोपनावरचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक 1894 साली आलं, आणि पुढच्या कितीतरी आयांनी ते पोथीसारखं वापरलं. किती वाजता, किती, काय, सगळं ठरलेलं. मूल नको म्हणालं तरी नियम मोडायचा नाही. याचा परिणाम काय, तर 1920च्या दशकात डॉक्टरांकडे येणाऱ्या आयांची एक मोठी तक्रार असायची: मूल जेवत नाही! (ओळखीचं वाटतंय ना?)

क्लारा डेव्हिस बालरोगतज्ज्ञच होत्या. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. ज्या बाळानं आईच्या किंवा बाटलीच्या दुधाशिवाय आयुष्यात काहीच चाखलेलं नाही, त्याच्यापुढे अन्न ठेवलं आणि कोणी काहीच बोललं नाही, तर ते काय खाईल? क्लीव्हलंडच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये तीन बाळांवर त्यांनी हे करून पाहिलं आणि 1928 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मग शिकागोला प्रयोग वाढवला. एकूण 15 मुलं. सुरुवातीला वय सहा ते अकरा महिने. काही मुलं सहा महिने प्रयोगात राहिली, काही तर चार-साडेचार वर्षं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही मुलं कोणाची होती? ज्यांच्या आया गरिबीमुळे त्यांना सांभाळू शकत नव्हत्या, त्यांची. घरात आई-आजी असलेलं मूल इतकी वर्षं प्रयोगाला कोण देईल? आज असा प्रयोग कोणी मंजूर करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पुढचं वाचताना हे मनात असू द्या.

आता जेवणाची पद्धत. यादीत एकूण 34 पदार्थ. सफरचंद, केळी, संत्र्याचा रस, टोमॅटो, बीट, गाजर, मटार, कोबी, पालक, बटाटा, ओट, गहू, मका, जव, गोमांस, मेंढीचं मांस, कोंबडी, मासे, अंडी, कलेजी, भेजा, नळीतला मगज, दूध साधं आणि आंबवलेलं, पाणी, आणि वेगळ्या वाटीत मीठ. कशातही मीठ घातलेलं नाही, दोन पदार्थ एकत्र केलेले नाहीत. प्रत्येक जेवणाला यातले बरेच पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत मुलापुढे मांडायचे.

शेजारी नर्स. तिला सक्त ताकीद: चमचा हातात धरून गप्प बसायचं. मुलानं एखाद्या वाटीकडे हात केला किंवा बोट दाखवलं, तरच चमचा भरायचा, आणि त्यानं तोंड उघडलं तरच घास द्यायचा. "हे खा" नाही, "शहाणं बाळ" नाही, काय खाल्लं आणि काय सोडलं यावर चकार शब्द नाही. हातानं खाल्लं, सांडलं, लवंडलं तरी चालेल. वीस-पंचवीस मिनिटांनी मूल स्पष्टपणे थांबलं की ट्रे उचलायचा.

मला विचाराल तर या प्रयोगातलं सगळ्यात अवघड काम त्या नर्सचं. मी आमच्या घरी तीन दिवस प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी "हं, आता एक भाजीचा" असं माझ्या तोंडून आपसूक निघालं, आणि आई फिसकन हसली.

आणि बाळांनी काय केलं? पहिल्या काही जेवणांत सगळंच तोंडात घालून पाहिलं. अन्न, रिकामा चमचा, वाटी, ट्रेची कड, ट्रेवरचा कागदसुद्धा! काही पदार्थ थुंकून टाकले. पण लवकरच आवडते पदार्थ ओळखून मागायला लागली. सॅलडचा पाला दोघांनी आणि पालक एकानं शेवटपर्यंत चाखला नाही, बाकी सगळं सगळ्यांनी चाखलं. मिठाची तर गंमतच. मीठ तोंडात गेलं की ठसका, कधी चक्क भोकाड, पण थुंकायचं नाही, आणि थोड्या वेळानं परत त्याच वाटीकडे हात.

एकेक जेवण पाहिलं तर डोक्याला हात लावावा. नाश्त्याला अर्धा लिटरच्या आसपास संत्र्याचा रस आणि कलेजी, रात्री बरीच अंडी, केळी आणि दूध. कधी अंड्यांची लाट, कधी धान्याची. दोन मुलांचा आहार एकसारखा नव्हता. तरी 36,000हून जास्त जेवणांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा मुलं धडधाकट वाढलेली दिसली. सुरुवातीला पाच जणांना मुडदूस होता. त्यातल्या एकाचा फार वाईट, म्हणून त्याच्या ट्रेवर कॉड लिव्हर ऑइलचा छोटा पेला ठेवला जाई. तो मनाला येईल तेव्हा, येईल तेवढं प्यायचा. रक्त आणि एक्स-रे ठीक झाले आणि त्यानं ते पिणं आपणहून सोडलं.

यावरून अनेकांनी काढलेला अर्थ म्हणजे "मुलांना जे हवं ते खाऊ द्या, शरीराला कळतं." हॉटेलात पोरापुढे चिप्सचा पुडा ठेवताना मीही हेच ऐकवलंय. पण 1939 साली माँट्रियलला कॅनडाच्या डॉक्टरांपुढे बोलताना डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलं की खरी मेख यादीत आहे. यादी मुलांनी केली नव्हती, त्यांनी केली होती. साखर नाही, मैदा नाही, डबाबंद काही नाही. निवड करायला निकस अन्नच असेल, तर निवडीला अर्थ राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, की खायचंच नाही, ते मुलानं. पुढे 1980च्या दशकात आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जवळपास अशीच वाटणी आईबापांना शिकवली.

डेव्हिसबाईंना पुढचा प्रयोगही करायचा होता. प्रक्रिया केलेलं आणि नैसर्गिक अन्न एकाच ट्रेवर ठेवून मुलं काय उचलतात ते बघायचं होतं. जागतिक मंदीत पैसा आटला आणि तो राहून गेला.

आमच्याकडे आता हात धरणं बंद आहे. ताटलीत मऊ भात, वरण, उकडलेलं गाजर, केळ्याचे तुकडे, थोडी भाजी. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला, त्यावरून आईशी दोन दिवस अबोलाही झाला. लेकीचं वजन दर महिन्याला डॉक्टरांकडे बघतो. वजन घसरत असेल किंवा मूल आजारी असेल, तर असले प्रयोग घरी करू नका, थेट डॉक्टरांना दाखवा. परवा तिनं भाताला हातही लावला नाही, नुसतं गाजर खाल्लं. मी गप्प बसलो. आई म्हणाली, "बघ हं, रात्री भुकेनं उठेल." उठली नाही.

पुढच्या भागात एमेट होल्ट आणि त्यांचं पुस्तक सविस्तर घेऊ. तुमच्या घरात ताटलीत काय ठेवायचं हे कोण ठरवतं, ते मात्र जरूर कळवा. भेटू.