जयपूर साहित्य महोत्सव आणि पुस्तक सुचवण्याची परंपरा

राजस्थानची राजधानी जयपूर येथे दरवर्षी हिवाळ्यात भरणारा साहित्य महोत्सव देशविदेशातील नामवंत लेखकांच्या उपस्थितीमुळे ओळखला जातो. लेखकांची भाषणे, मुलाखती आणि अधूनमधून उद्भवणारे वाद यांना प्रसिद्धीही भरपूर मिळते. मात्र या महोत्सवाचा मूळ व्यवहार त्याहून साधा आहे. एका वाचकाने दुसऱ्याला 'सध्या काय वाचता?' असे विचारावे आणि उत्तरादाखल मिळालेले पुस्तकाचे नाव वहीत टिपून घ्यावे, हा तो व्यवहार होय. कोणते पुस्तक कोणत्या वाचकापर्यंत पोहोचते आणि कोणते पोहोचत नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी अशा लहानलहान शिफारशींतून होत असतो. या दृष्टीने जयपूरचा महोत्सव, त्या शहराची ग्रंथपरंपरा आणि महाराष्ट्रातील वाचक चळवळी यांचा हा आढावा.

महोत्सवाची सुरुवात

जयपूर साहित्य महोत्सवाला २००६ साली प्रारंभ झाला. राजस्थानच्या कला आणि वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या जयपूर विरासत फाउंडेशनच्या उपक्रमाचा तो एक भाग होता. पहिल्या वर्षी अवघे १८ लेखक सहभागी झाले होते आणि श्रोत्यांची संख्याही बेताचीच होती. लेखिका नमिता गोखले आणि इतिहासकार विल्यम डॅलरिंपल हे महोत्सवाचे संचालक असून निर्मितीची बाजू संजॉय रॉय यांच्या 'टीमवर्क आर्ट्‌स' या संस्थेकडे आहे.

डिग्गी पॅलेस या जुन्या हवेलीचे आवार ही दीर्घकाळ महोत्सवाची ओळख होती. २०११ साली ओरहान पामुक आणि जे. एम. कोएट्झी हे नोबेल पारितोषिकाचे दोन मानकरी येथे उपस्थित होते. २०१३ साली ज्येष्ठ बंगाली लेखिका महाश्वेता देवी यांचे बीजभाषण झाले. २०२१ साली कोरोना साथीमुळे संपूर्ण महोत्सव दूरस्थ पद्धतीने घेण्यात आला आणि २०२२ साली तो क्लार्क्स आमेर या हॉटेलच्या आवारात हलवण्यात आला. सुरुवातीची अनेक वर्षे सर्वसामान्य श्रोत्यांना प्रवेश विनामूल्य होता. महाविद्यालयीन विद्यार्थी आणि विख्यात कादंबरीकार एकाच रांगेत चहासाठी उभे आहेत, हे दृश्य त्यामुळे शक्य झाले.

पुस्तक वाचकापर्यंत कसे पोहोचते

महोत्सवातील सत्र साधारणपणे तासाभराचे असते. लेखक आपल्या पुस्तकातील उतारा वाचतो, सूत्रसंचालक प्रश्न विचारतो आणि अखेरची काही मिनिटे श्रोत्यांसाठी राखून ठेवलेली असतात. सत्र संपताच श्रोते पुस्तकविक्रीच्या दालनाकडे वळतात आणि तेथून लेखकाच्या स्वाक्षरीसाठी रांग लागते.

खरी देवाणघेवाण या रांगेत होते. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या हातातील पुस्तक पाहून विचारणा होते, त्यातून त्याच लेखकाच्या आधीच्या पुस्तकाचा विषय निघतो आणि पुढे त्या विषयावरील दुसऱ्याच एखाद्या लेखकाचे नाव समजते. जाहिरात आणि परीक्षण यांच्यापेक्षा अशा शिफारशीवर वाचक अधिक विश्वास ठेवतात, कारण सुचवणाऱ्याचा त्यात आर्थिक लाभ नसतो. शिवाय सुचवणारा समोर उभा असल्याने त्याला उलट प्रश्न विचारता येतो. पुस्तक मोठे आहे का, सुरुवात संथ आहे का, या विषयाची पूर्वमाहिती लागते का, अशा शंकांचे निरसन छापील परीक्षणातून सहसा होत नाही.

जयपूरची जुनी ग्रंथपरंपरा

जयपूरला ग्रंथांची देवाणघेवाण नवी नाही. सवाई जयसिंह यांनी १७२७ साली हे शहर वसवले. गणित आणि ज्योतिषशास्त्राची त्यांना मोठी ओढ होती. त्यांच्या दरबारातील सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय पंडित होते, ही बाब मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. जगन्नाथांनी युक्लिडच्या भूमितीचे 'रेखागणित' या नावाने संस्कृतात भाषांतर केले. टॉलेमीच्या खगोलशास्त्रीय ग्रंथाचे त्यांनी केलेले रूपांतर 'सम्राट सिद्धांत' या नावाने प्रसिद्ध आहे. ही दोन्ही कामे अरबी आवृत्त्यांवरून झाली.

ग्रीकमधून अरबीत, अरबीतून संस्कृतात, असा या ग्रंथांचा प्रवास झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी 'रेखागणित' मुंबईतील संस्कृत ग्रंथमालेत छापून प्रसिद्ध झाले. एका भाषेतील जाणकाराने दुसऱ्या भाषेतील जाणकाराला 'हे वाचलेच पाहिजे' असे सांगण्याचे हे अठराव्या शतकातील उदाहरण मानता येईल.

जयपूरच्या राजवाड्यातील 'पोथीखाना' हा हस्तलिखितांचा संग्रह विद्वानांना परिचित आहे. जुन्या शहरातील चौडा रास्ता हा भाग पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखला जातो. मुंबईचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवग्रहांच्या संकल्पनेवर रचलेल्या जवाहर कला केंद्रातील कॉफी हाउस हे लेखक, रंगकर्मी आणि वाचक यांच्या गप्पांचे ठिकाण आहे. महोत्सवाचे मांडव उतरल्यावरही वर्षभर पुस्तकांविषयीची चर्चा अशा ठिकाणी सुरू राहते.

भाषेचा प्रश्न

जयपूर महोत्सवावर सातत्याने घेतला जाणारा एक आक्षेप भाषेचा आहे. अनेक सत्रे इंग्रजीत होतात आणि विक्रीच्या दालनातही इंग्रजी पुस्तके ठळकपणे दिसतात. महोत्सवात हिंदी, राजस्थानी आणि अन्य भारतीय भाषांची सत्रे होतात हे खरे. तरीही स्थानिक लेखकांना पुरेसे स्थान मिळत नाही, अशी भावना व्यक्त होत राहिली. राजस्थान प्रगतिशील लेखक संघाने २०१८ साली जयपूरमध्येच 'समानांतर साहित्य उत्सव' सुरू केला, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. या उत्सवात हिंदी आणि राजस्थानी साहित्यावर भर देण्यात आला.

राजस्थानी भाषेची स्थिती या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. साहित्य अकादमीने तिला साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आहे. राजस्थानीसाठीचा अकादमीचा पहिला पुरस्कार १९७४ साली विजयदान देथा यांना 'बातां री फुलवाड़ी' या लोककथांवर आधारित ग्रंथमालेसाठी मिळाला. राजस्थान विधानसभेने २००३ साली या भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश करण्याची मागणी करणारा ठराव संमत केला. परंतु तो समावेश अद्याप झालेला नाही. देथांच्या कथा बहुसंख्य मराठी रसिकांपर्यंत पोहोचल्या त्या नाटक आणि चित्रपटांच्या मार्गाने. हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' हे नाटक, मणी कौल यांचा 'दुविधा' आणि त्याच कथेवरचा २००५ सालचा 'पहेली' ही त्याची ठळक उदाहरणे होत. मूळ पुस्तक कोणी सुचवले नाही, तर लेखकाचे नावही मागे पडते, हा यातील धडा आहे.

मराठी पुस्तकांनाही हीच अडचण येते. जयपूरच्या वाचकाला एखादे मराठी पुस्तक सुचवायचे झाल्यास त्याचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद उपलब्ध असावा लागतो. दया पवार यांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली प्रकाशित झाले आणि हिंदीत ते 'अछूत' या नावाने आले. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद मात्र २०१५ साली, म्हणजे ३७ वर्षांनी उपलब्ध झाला. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनाचा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला. इतक्या वर्षांत इंग्रजी वाचकांची एक अख्खी पिढी या पुस्तकांना मुकली.

उलट दिशेचे एक उदाहरणही महत्त्वाचे आहे. 'सात सक्कं त्रेचाळीस' ही मराठी कादंबरी लिहिणारे किरण नगरकर यांनी पुढे मेवाडच्या राजघराण्यावर आणि संत मीराबाईंच्या पतीवर 'ककोल्ड' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. तिला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रेखा सबनीस यांनी ती 'प्रतिस्पर्धी' या नावाने मराठीत आणली. राजस्थानच्या इतिहासात रस असलेल्या मराठी वाचकाला ती निःसंकोचपणे सुचवता येते.

अनुवादाचे महत्त्व अलीकडच्या दोन घटनांनी अधोरेखित केले आहे. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' या हिंदी कादंबरीच्या आणि २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. डेझी रॉकवेल आणि दीपा भास्ती या अनुवादिकांना पुरस्कारात बरोबरीचा वाटा होता. जयपूर महोत्सवाला जोडून २०१४ पासून प्रकाशक आणि अनुवादक यांच्यासाठी 'जयपूर बुकमार्क' हा स्वतंत्र उपक्रम घेतला जाऊ लागला, तोही याच गरजेतून.

वाचण्याचे आणि सुचवण्याचे स्वातंत्र्य

पुस्तक सुचवणे ही नेहमीच निरुपद्रवी गोष्ट मानली जात नाही, याचा प्रत्यय जयपूरला २०१२ साली आला. सलमान रश्दी २००७ साली या महोत्सवात सहभागी झाले होते. २०१२ साली मात्र त्यांच्या उपस्थितीला विरोध झाला आणि जिवाला धोका असल्याची माहिती मिळाल्याचे सांगून त्यांनी येणे रद्द केले. त्याच्या निषेधार्थ हरी कुंजरू, अमिताव कुमार, जीत थायिल आणि रुचिर जोशी या चार लेखकांनी रश्दी यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीतील उतारे व्यासपीठावरून वाचले. त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्यांना जयपूर सोडावे लागले. अखेरच्या दिवशी रश्दी यांचे दृक्‌श्राव्य माध्यमातून होणारे संभाषणही सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आले.

या कादंबरीच्या आयातीवर ऑक्टोबर १९८८ मध्ये बंदी घालण्यात आली होती. बंदीची मूळ अधिसूचना संबंधित अधिकाऱ्यांना सादर करता न आल्याने दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यासंबंधीची याचिका निकालात काढली आणि त्यानंतर दिल्लीतील पुस्तकांच्या दुकानात कादंबरी पुन्हा विक्रीस आली. पुस्तक आवडणे वा न आवडणे हा प्रत्येक वाचकाचा अधिकार आहे. तो बजावण्यासाठी पुस्तक आधी हाती यावे लागते.

महाराष्ट्रातील वाचक चळवळी

वाचकाने वाचकाला पुस्तक सुचवण्याची परंपरा महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे. जानेवारी १९६४ मध्ये केशवराव कोठावळे यांनी 'ललित' हे ग्रंथविषयक मासिक सुरू केले. जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने त्यात लिहिलेल्या मिस्कील सदराने वाचकांना मराठी साहित्यविश्वाची खबरबात पुरवली. 'चोखंदळ वाचकांची निवड' या उपक्रमातून वर्षभरातील उल्लेखनीय पुस्तकांची यादी वाचकांच्याच पसंतीने पुढे येऊ लागली.

१९७० च्या दशकात दिनकर गांगल आणि सहकाऱ्यांनी 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ उभी केली. सभासद वाचकांच्या बळावर पुस्तके काढायची आणि ती गावोगावी न्यायची, अशी तिची पद्धत होती. 'बलुतं' आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' ही पुस्तके ग्रंथालीनेच प्रकाशित केली. ती महाराष्ट्रभर पोहोचली त्यात या वाचकजाळ्याचा मोठा वाटा होता.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना याच धाग्यातील होय. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे दिली जाते आणि ठरावीक काळानंतर गट आपापसांत पेट्या बदलतात. महाराष्ट्राबाहेरील आणि परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंतही या पेट्या गेल्या आहेत. सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळचे भिलार हे ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे ग्रामस्थांच्या घरांतच विषयवार दालने थाटण्यात आली असून पाहुण्याला पुस्तक दाखवण्याचे काम यजमान कुटुंबच करते.

परदेशातही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत ओप्रा विन्फ्री यांनी १९९६ साली दूरचित्रवाणीवर 'बुक क्लब' सुरू केला आणि त्यांनी सुचवलेल्या पुस्तकांचा खप एकदम वाढू लागला. एकाच व्यक्तीच्या आवडीवर इतके अवलंबून राहावे का, हा प्रश्नही त्याबरोबर विचारला गेला. सिएटल शहरात १९९८ साली संपूर्ण शहराने एकच पुस्तक वाचून त्यावर चर्चा करण्याचा उपक्रम राबवण्यात आला.

चांगली शिफारस कशी असावी

या सर्व अनुभवांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पुस्तक सुचवताना लेखक, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावे सांगावीत, म्हणजे ग्रंथालयात किंवा दुकानात ते शोधणे सोपे जाते. कथानक उघड करण्याऐवजी ते का भावले, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. समोरच्याने अलीकडे काय वाचले, हे आधी विचारून घ्यावे, कारण एकाला आवडलेले पुस्तक सर्वांना आवडेलच असे नाही. न आवडलेल्या पुस्तकाविषयीही प्रामाणिकपणे बोलावे, म्हणजे शिफारशीचे मोल वाढते. जमल्यास आपल्या भाषेबाहेरचे एक पुस्तक सुचवावे आणि आपल्या भाषेतील एक पुस्तक दुसऱ्या भाषेच्या वाचकाला सांगावे.

नामवंत वक्ते आणि गर्दी यांचे आकर्षण प्रत्येक महोत्सवाला असणारच. जयपूरहून परतणाऱ्या वाचकाच्या वहीत किती नवी नावे उतरली, त्यांत भारतीय भाषांमधील किती आणि मराठीतील किती, यावर मात्र त्या प्रवासाचे खरे फलित अवलंबून राहील.